एसटीनं उतरा, नदीकाठानं चाला

नदीकाठी फिरायला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा. कुणाची काढायची, चालवणार कोण, लावायची कुठे? एवढ्यातच अर्धी हौस फिटते. मी काही वर्षांपूर्वी हे प्रश्न बाजूला ठेवले आणि कृष्णाकाठ एसटीनं बघायला सुरुवात केली. तेव्हा कळलेली एक गोष्ट सांगण्यासाठी हा लेख आहे. सोप्या, सपाट वाटेनं चालायचं असेल तर एसटी स्वतःच्या गाडीपेक्षा सोयीची पडते.

कारण अगदी साधं आहे. गाडी घेऊन गेलं की जिथं ती लावली तिथंच परत यावं लागतं. म्हणजे जितकं पुढे जाल तितकं मागे या. एसटीनं गेलं की एका गावात उतरायचं, काठानं चालत दुसरं गाव गाठायचं आणि तिथल्या थांब्यावरून घरचा रस्ता धरायचा. एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. गुडघे कुरकुरणाऱ्यांना, लहान मुलं बरोबर असणाऱ्यांना आणि गाडी न चालवणाऱ्यांना याचं मोल लगेच कळेल.

कृष्णाकाठ यासाठी फार चांगला. वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी ही गावं नदीला धरून वसली. त्यांचे घाट पायी येणाऱ्या माणसांसाठी बांधलेले आहेत आणि बहुतेक ठिकाणी एसटी स्टँडवरून पंधरा-वीस मिनिटांत घाटाची पहिली पायरी लागते. पुढे पाच वाटा दिल्या आहेत. एकही सहा किलोमीटरच्या वर नाही आणि कुठेही चढ म्हणावा असा चढ नाही.

निघण्यापूर्वी

एसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची फार चिंता करू नका. पुणे–सातारा–कऱ्हाड–कोल्हापूर या मार्गावर आणि सांगलीकडे दिवसभर गाड्या असतात. चिंता करायची ती शेवटच्या पाच-सात किलोमीटरची. खेड्यापाड्यांत जाणाऱ्या फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळा बघून ठेवलेल्या असतात. सकाळी आणि संध्याकाळी त्या जवळजवळ असतात, दुपारी विरळ होतात आणि रविवारी, सुट्टीत काही फेऱ्या बंदच असतात. म्हणून तालुक्याच्या स्टँडवर उतरलात की आधी चहा नको, आधी चौकशीची खिडकी. तिथं दोन गोष्टी विचारा: जायची गाडी किती वाजता, आणि परतीची शेवटची कधी. दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

मी एकदा तो विचारला नाही. थंडीचे दिवस होते, सहा वाजताच अंधारलं आणि फाट्यावरच्या टपरीवाल्यानं सांगितलं, "शेवटची गेली की तुमच्या डोळ्यांदेखत." मघाशी मी पुलावर उभं राहून बगळे बघत होतो, तेव्हा मागून गेलेली गाडी तीच होती. वडापची जीप मिळाली म्हणून निभावलं. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत माणशी पैसे घेऊन माणसं भरून नेणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. तिचा आधार असतो, पण तिच्या भरवशावर बेत आखू नये. परतीसाठी शेवटची नव्हे, शेवटच्या आधीची गाडी धरायची असं ठरवूनच चालायला लागा.

तिकिटाचं बघा. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड किंवा तसं ओळखपत्र जवळ हवं. आठवडाभर भटकायचं असेल तर 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास काढा. गावच्या फेरीत मात्र सुटे पैसे जवळ असलेले बरे.

पहिली वाट: वाई ते मेणवली

वाईच्या स्टँडवरून बाजारपेठेतून सरळ नदीकडे या. दहा-पंधरा मिनिटांत गणपती घाट लागतो. ढोल्या गणपतीचं हे देऊळ सरदार गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. बहुतेक माणसं दर्शन घेऊन परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जा आणि गाभाऱ्याची भिंत बघा. ती सपाट नाही, होडीच्या नाळेसारखी मधोमध निमुळती केलेली आहे. पुराचं पाणी येऊन आदळलं की दोन्ही अंगांना दुभंगावं आणि भिंतीवर जोर येऊ नये यासाठी ही योजना. भिंतीच्या त्या धारेवर हात ठेवला की बांधणाऱ्यानं नदीचा किती बारकाईनं विचार केला होता ते कळतं. शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला गुळगुळीत काळा नंदीही बघून घ्या.

तिथून काठाकाठानं एकेका आळीचा घाट बघत चाला. गंगापुरी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, धर्मपुरी, भीमकुंड अशी इथली नावं आहेत. प्रत्येक आळीचा आपला घाट आणि हिवाळ्याच्या अखेरीस प्रत्येक घाटाचा आपला कृष्णाबाईचा उत्सव. त्या दिवसांत गेलात तर घाटावर मांडव असतो, कीर्तन असतं. गंगापुरीत प्राज्ञपाठशाळा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच वाईत राहिले आणि मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी इथूनच उभं केलं.

मग मेणवलीचा रस्ता धरा. अंतर साधारण तीन किलोमीटर. सलग काठानं पायवाट नाही. रस्ता नदीला कधी जवळ करतो, कधी शेतांआड जातो. वाहनं असतात, म्हणून उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. मराठेशाहीच्या अभ्यासकांना परिचित असलेलं मेणवली दफ्तर याच वाड्यातलं. वाड्यामागून पायऱ्या उतरल्या की अर्धचंद्राकृती घाट आणि त्यावर मेणेश्वराचं देऊळ. घाटावरच्या छोट्या दगडी खोलीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल कोरलेलं आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवळांत आणल्या, त्यांतली ही एक.

घाटाच्या पायऱ्यांवर अर्धा तास तरी बसा. इथं पाणी संथ असतं. खंड्या पलीकडच्या झाडावरून सूर मारतो आणि तोंडात मासळी घेऊन त्याच फांदीवर परत येतो. हे बघण्यासाठी दुर्बीण लागत नाही.

परतीला मेणवलीवरून जाणारी गाडी कधी आहे हे वाईतच विचारून ठेवा. नसेल तर तीन किलोमीटर परत चालणं सहज जमतं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सुरुवात याच वाटेनं करावी.

दुसरी वाट: दोन माहुली

साताऱ्याहून कोरेगावकडे जाणारी कुठलीही साधी गाडी पकडा आणि माहुलीला उतरा. पाचएक किलोमीटरचा प्रवास. इथं वेण्णा कृष्णेला मिळते. संगमाच्या अलीकडे संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली, मधे पूल. सगळं मिळून चालणं अडीच-तीन किलोमीटरच होतं, पण थांबायला जागा इतक्या की अर्धा दिवस सहज जातो.

संगम माहुलीला विश्वेश्वराचं मोठं देऊळ आहे. काळा दगड, रुंद घाट आणि दीपमाळ. हे सातारच्या राजघराण्याचं दहनस्थान. छत्रपती शाहू महाराजांवर १७४९ मध्ये इथंच अंत्यसंस्कार झाले आणि महाराणी येसूबाईंची समाधीही इथंच आहे. आजूबाजूला लहान-मोठ्या कितीतरी समाध्या विखुरल्या आहेत. त्यांत शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही एक आहे. शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला अशी कथा सांगतात. मुलं बरोबर असतील तर आधी तिकडे न्या, मग ती बाकीचं सगळं मन लावून बघतील.

पूल ओलांडून क्षेत्र माहुलीला गेलात की तिथल्या घाटावरून मघाचं विश्वेश्वराचं देऊळ पाण्यापलीकडे अख्खं दिसतं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. परतीची गाडी याच बाजूला मुख्य रस्त्यावर मिळते, त्यामुळे पूल पुन्हा ओलांडायला नको. ही वाट उन्हाळ्यातही चालते, पण सकाळी नऊच्या आत आटपा. दगडी घाट तापले की चटके बसतात.

तिसरी वाट: प्रीतिसंगम आणि कृष्णा कॅनॉल

कऱ्हाडची वाट मला सगळ्यांत आवडते, कारण इथं एका दिवसात नदीही चालता येते आणि कालवाही.

स्टँडवरून जुन्या गावातून प्रीतिसंगमाकडे या. वाटेत मशिदीचे दोन उंच मनोरे दिसतात. कोयनेच्या बाजूला, पंतांच्या कोटापाशी नकट्या रावळ्याची विहीर आहे. ही विहीर चुकवू नका, मात्र खाली उतरताना पायऱ्या जपा. मग संगम. दोन नद्या एकमेकींना मिळतात तेव्हा बहुधा एक तिरकी येऊन दुसरीत शिरते. इथं कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून, आणि दोघी समोरासमोर भेटून पूर्वेला वळतात. घाटावर कृष्णामाईचं देऊळ आहे आणि जवळच यशवंतराव चव्हाणांची समाधी. त्यांचं आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' या नावानं १९८४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी ते गेले. समाधीभोवतीच्या बागेत गावातली माणसं रोज सकाळी फिरायला येतात, त्यांच्यात मिसळून चाला.

आता कृष्णेवरचा पूल ओलांडून विद्यानगर-सैदापूरच्या बाजूला जा. पायी नको असेल तर ओगलेवाडी किंवा विट्याकडे जाणारी गाडी घ्या. थांब्याचं नावच कृष्णा कॅनॉल. कऱ्हाडच्या वरच्या अंगाला खोडशीला इंग्रजी अमदानीतला दगडी बंधारा आहे. तिथून निघालेला हा कालवा एकोणिसाव्या शतकातला, महाराष्ट्रातल्या जुन्या कालव्यांपैकी एक.

कालव्याकाठचं चालणं नदीकाठापेक्षा वेगळं असतं. नदी वळणं घेते, खाली-वर होते. कालवा जमिनीच्या उताराला धरून अगदी हळू उतरत जातो, म्हणून त्याच्या भरावावरची वाट सपाट असते. गुडघ्यांना याहून सोपी वाट शोधून सापडणार नाही. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, मधे करंज-बाभळीची सावली. पाणी मात्र बारमाही नसतं. ते आवर्तनानं सोडतात, म्हणजे ठरावीक दिवस कालवा वाहतो आणि मग बंद होतो. कोरड्या कालव्याकाठी चालण्यात मजा नाही, तेव्हा आवर्तन चालू आहे का हे थांब्यावरच्या कुणा शेतकऱ्याला विचारा. त्याचं सगळं गणित त्यावरच असतं, म्हणून उत्तर पक्कं मिळतं.

एकदा सकाळी मी तिथं चालत होतो. एक पाटकरी लोखंडी चक्राशी वाकून उभा होता. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी पाळीप्रमाणे शेतांना देणारा माणूस. त्यानं चक्र चार-पाच वेळा फिरवलं, दार हातभर वर आलं आणि बाजूच्या कोरड्या चारीत पाणी शिरलं. आधी त्याचं तोंड फेसाचं होतं, पाचोळा आणि काटक्या पुढे ढकलत ते माणसाच्या चालीनं निघालं. भेगांमधले किडे भराभर बाहेर पडू लागले. कुठून कोण जाणे, दोन मिनिटांत बगळे हजर झाले आणि पाण्याच्या तोंडापुढे एक एक पाऊल टाकत चालू लागले. मी कालव्याच्या कडेला जरा जास्तच सरकून बघत होतो, तर पाटकरी म्हणाला, "पाव्हणं, मागं सरा. आत गेला तर वर येता येत नाय." मग त्यानं समजावून सांगितलं. कालव्याच्या बाजू उतरत्या असतात, त्यावर शेवाळ धरलेलं असतं आणि पाणी वरून संथ दिसलं तरी आतून ओढ असते. धरायला काही नसतं. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो.

ती ताकीद मी इथं तुमच्यापर्यंत पोचवतो. कालव्यात पाय सोडून बसू नका, हात धुवायलाही उतरू नका. मुलांना नेहमी पाण्यापासून लांबच्या बाजूला ठेवा. भरावावरची वाट पाटबंधारे खात्याच्या कामासाठी असते आणि शेतकऱ्यांच्या येण्याजाण्याची असते. बैलगाडी, ट्रॅक्टर आला की बाजूला व्हा, दारांना हात लावू नका आणि कुणाच्या उसात शिरू नका. एक-दीड किलोमीटर जाऊन फिरलात तरी पुरे. परतताना ओगलेवाडीकडे गाडी मिळाली तर कऱ्हाडचं रेल्वे स्थानक तिथंच आहे. घरोघर जळणारा प्रभाकर कंदील याच ओगलेवाडीच्या काच कारखान्यातून निघत असे.

चौथी वाट: सांगली ते हरिपूर

ही वाट संध्याकाळची. सांगलीच्या स्टँडवरून पटवर्धनांच्या गणपती मंदिरापर्यंत या, तिथून कृष्णेचा घाट आणि आयर्विन पूल जवळच. पूल १९२९ चा. पुलाजवळ नदीची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. सांगलीकरांना हे आकडे तोंडपाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पुलाच्या खांबाकडे बघा, मग मागे वळून बाजारपेठेकडे बघा. डिसेंबरातली ही शांत नदी तिथपर्यंत कशी चढली असेल याचा अंदाज येईल.

तिथून हरिपूरचा रस्ता धरा. अंतर चार किलोमीटरच्या आत. वाटेत बागेतला गणपती लागतो आणि जुन्या चिंचेच्या झाडांची सावली. हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे आणि श्रावणातल्या सोमवारी इथं मोठी गर्दी असते. एरवी संध्याकाळी पाराशी आणि घाटावर गावातली चार माणसं, अभ्यासाला बसलेली मुलं आणि गुरं घेऊन परतणारे गुराखी एवढीच वर्दळ. गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म १८५५ मध्ये या हरिपुरात झाला. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं.

हरिपूरची आणखी एक गोष्ट विचारून घ्या: पेवं. सांगली ही हळदीची पेठ. वर्षानुवर्षं हळद साठवायला इथं जमिनीखाली खोल पेवं खणत. वरून बघितलं तर झाकलेलं तोंड तेवढं दिसतं, खाली पोती भरून हळद मावेल एवढी जागा. इथली माती अशी की तिच्यात हळद टिकत असे आणि कीड लागत नसे. महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवं निकामी झाली. गावात कुणी जाणता भेटला तर त्याच्याकडून हे जरूर ऐका. परतीला सांगलीची शहरी गाडी मिळते. स्टँडवर पोचलात की भडंग घ्या, पुढच्या प्रवासाची सोय होते.

या वाटेवर एक सावधगिरी. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, अंकलखोपचा पट्टा त्यासाठी ओळखला जातो आणि त्या तिथंच थांबतात असं नाही. वर्दळीच्या घाटावर पायऱ्यांवर बसायला हरकत नाही. पण निर्जन काठावर, गवतात, डोहाजवळ पाण्यात उतरू नका आणि पहाटे किंवा अंधार पडल्यावर तिकडे रेंगाळू नका. वनखात्याचा फलक दिसला तर तो पाळा.

पाचवी वाट: वाडी ते कुरुंदवाड

उतरायचं एकीकडे आणि गाडी धरायची दुसरीकडे, याचा सगळ्यांत चांगला नमुना म्हणजे ही वाट. सांगली, कोल्हापूर, जयसिंगपूर कुठूनही नरसोबाच्या वाडीला गाड्या आहेत. पौर्णिमेला आणि गुरुवारी गर्दी असते, चालायला जायचं तर इतर वार निवडा. नृसिंह सरस्वतींनी इथं बारा वर्षं वास्तव्य केलं असं मानतात. दत्ताचं देऊळ अगदी घाटावर, पाण्याला खेटून आहे. पावसाळ्यात पाणी चढून एका दारानं आत शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. त्याची वार्ता मिळाली की लांबलांबून माणसं येतात. चालायला मात्र ते दिवस नव्हेत. दिवाळीनंतर या.

देवळाजवळच पंचगंगा कृष्णेला मिळते. दर्शन झालं की कवठाची बर्फी किंवा बासुंदी घ्या आणि पंचगंगेवरच्या पुलानं कुरुंदवाडकडे निघा. दोन-तीन किलोमीटरची चाल. पुलावरून दोन्ही नद्यांचा काठ, मळीची जमीन आणि तिच्यात लावलेली वांगी-कारली दिसतात. पूर ओसरताना गाळ ठेवून जातो, त्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात. कुरुंदवाडचा घाट वाडीच्या मानानं शांत. सरसेनापती संताजी घोरपडे यांची म्हणून ओळखली जाणारी समाधी याच घाटावर आहे. हे पटवर्धनांचं जुनं संस्थान. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ मध्ये इथं जन्मले. गणेशोत्सवात इथल्या मशिदींत गणपती बसवण्याची रीतही आहे. कुरुंदवाडला एसटीचं आगार असल्यामुळे परतीच्या गाडीची काळजी नाही.

कधी जावं, काय न्यावं

उत्तम दिवस कार्तिक ते माघ. तेव्हा घाट धुतलेले असतात, पाणी निवळलेलं असतं आणि ऊन सोसतं. याच दिवसांत ऊसतोड चालू असते, म्हणून रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांच्या बाजूनं चालू नका, उसाची मोळी घसरून पडते. ट्रॅक्टर पूर्ण जाईपर्यंत रस्त्याखाली उतरून थांबा.

जून ते सप्टेंबर काठाच्या वाटा टाळा. धोम, कोयना, कण्हेर या धरणांतून पाणी सोडलं की ऊन पडलेलं असतानाही खाली नदी वाढते. गावात सूचना दिली जाते, पण ती तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसलं तरी पार करू नका.

पुलांच्या कमानींखाली आणि जुन्या देवळांच्या शिखरांवर आग्या मोहोळ असतं. तिथं धूर, फटाके, मोठा आवाज आणि तीव्र वासाची अत्तरं नकोत. घाटाच्या शेवटच्या दोन पायऱ्या नेहमी निसरड्या समजा.

पिशवीत एवढंच असू द्या: माणशी लिटरभर पाणी, टोपी, रबरी तळाची चप्पल किंवा बूट, औषधं, थोडी दशमी-चटणी आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. नदीचं पाणी कुठंही पिऊ नका. आणि निर्माल्य, दशमीचा कागद, बाटली, काहीही नदीत टाकू नका. घाटावर बायका धुणं धूत असतात, कुणी दशक्रियेला बसलेलं असतं. त्यांच्याकडे मोबाइल रोखू नका.

शेवटी एक विनंती

या वाटा तुम्ही गाडीनंही करू शकता, कुणी अडवणार नाही. तरीही एकदा एसटीनंच जा असं मी आग्रहानं सांगतो, आणि त्यात तुमच्या सोयीपलीकडचं एक कारण आहे. एसटीत भारमान नावाचा शब्द आहे. गाडीतल्या किती जागा भरल्या याचा तो हिशेब. ज्या फेरीचं भारमान पडतं, ती आधी कमी होते आणि मग बंद होते. मेणवलीवरून जाणारी सकाळची गाडी किंवा हरिपूरची दुपारची फेरी तुम्हाआम्हाला महिन्यातून एकदा लागते. तिथल्या पोरींना ती रोज शाळेत जायला लागते, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात जायला लागते. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या धावणाऱ्या त्या गाडीत तुमच्या घरातली चार माणसं बसली तर कंडक्टरच्या यंत्रातून चार तिकिटं जास्त निघतात आणि त्या फेरीच्या हिशेबात जमा होतात.

तेव्हा येत्या रविवारी वाईच्या स्टँडवर उतरा. आधी चौकशीच्या खिडकीवर जा, परतीची वेळ कागदावर लिहून घ्या. मग चहा. आणि मग नदीकडे.